कोकणात छोटी गाडी घेताय? या चुका टाळा

कोकणात बहुतेक घरांत गाडी ठरते ती मायलेजवर, आणि तिथेच गडबड सुरू होते. इथे गाडीची गाठ चढ, पाऊस आणि खाऱ्या हवेशी पडते. मायलेजच्या आकड्यात यातलं काहीच दिसत नाही.

टेस्ट ड्राइव्ह सपाट हायवेवर, आत दोन माणसं. एवढ्यावर टोकन देऊ नका. घरातली पाचही जणं बसवा, एसी लावा, खड्या चढणीवर गाडी थांबवून पुन्हा उचलून बघा. सीएनजी घेणार असाल तर हे हवंच, कारण तेच इंजिन सीएनजीवर कमी ताकद देतं आणि कुंभार्ली किंवा आंबा घाटात ते लगेच जाणवतं. शिवाय टाकी डिकी खाते. गणपतीला सामान ठेवणार कुठे? काही गाड्यांत आता डिकीच्या तळाशी दोन छोट्या टाक्या येतात, त्याही बघून घ्या. माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, बहुतेकदा रिकाम्या गाडीचा असतो. भरलेली गाडी खाली बसते, आणि वाडीतल्या जांभ्याच्या रस्त्यावर तिचं पोट घासतं.

क्रॅश टेस्टचे तारे बघाल तेव्हा साल बघा. गाड्या आपटून तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०२२ मध्ये नियम कडक केले, आपल्या सरकारची तशीच चाचणी, भारत एनकॅप, २०२३ मध्ये आली. त्यामुळे २०२० चे चार तारे आजच्या चारांच्या बरोबरीचे नाहीत. टचस्क्रीनसाठी वरचं मॉडेल घेणारे ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल) आहे का, हे विचारतही नाहीत. ओल्या घाटात वळणावर गाडी घसरू लागली की हीच यंत्रणा एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरते. मागच्या मधल्या सीटलाही खांद्यावरून येणारा पट्टा हवा. आणि पोराला पुढे मांडीवर घेऊन बसणार असाल, तर तारे मोजण्यात काही अर्थ नाही.

जुनी गाडी घेताना मात्र घाई नकोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून, अत्तर मारून लांबच्या बाजारातही उभी राहू शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला गाळाची रेघ दिसली तर सौदा तिथेच सोडा. स्टेपनीचा खळगा, सीटखालचे रूळ आणि गालिच्याखालचा पत्रा चाचपा. दिव्यांच्या काचेत आतून पाण्याचा डाग असेल तर विक्रेता काहीही सांगो, मेकॅनिकला बोलवा.

गंजाचं दुखणं नव्या गाडीलाही चुकत नाही. किनाऱ्यावर वाळूत गाडी नेऊन फोटो काढायची हौस असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या खालच्या बाजूला गंज रोखणारा थर, कोरड्या, स्वच्छ पत्र्यावरच करून घ्या. गंजावर मारलं तर तो आत वाढत राहतो. काम झालं की पैसे देण्याआधी खाली वाकून बघा, दारांच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवलेली नाहीत ना.