शहरातले ब्लॅक स्पॉट शोधताय? या चुका टाळा

जळगावात ब्लॅक स्पॉट, म्हणजे वारंवार अपघात होणाऱ्या जागा विचारा, चार नावं लगेच निघतील: अजिंठा चौफुली, इच्छादेवी चौक, आकाशवाणी चौक... निवेदन द्यायला एवढं पुरतं, नकाशा करायला नाही. लोकांच्या लक्षात गाजलेले अपघात राहतात. आडव्या रस्त्यावर दर महिन्याला एखादा दुचाकीवाला पाय मोडून घेतो, ते राहत नाही.

ढोबळ पत्ता. फिर्यादीत ‘बांभोरी पुलाजवळ’ एवढंच असतं. पण गिरणेवरच्या या पुलाचं जळगावकडचं टोक की पाळधीकडचं? स्थळ पंचनामा काढून वाचा, दिशा आणि अंतर बहुतेक त्यात सापडतं. नकाशावर सगळे ठिपके पोलीस ठाण्यावर किंवा दवाखान्यावर गोळा झाले असतील, तर नोंद घटनास्थळी न होता नंतर टेबलावर बसून झाली, असं समजा.

पाचशे मीटरचे ठरलेले तुकडे. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. केंद्राच्या निकषानुसार राष्ट्रीय महामार्गाच्या साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर 10 मृत्यू झाले, की तो ब्लॅक स्पॉट. आता किलोमीटरच्या दगडापासून पाचशे-पाचशेचे तुकडे पाडले आणि हद्दीच्या अलीकडे तीन, पलीकडे दोन अपघात असले, तर दोन्ही तुकडे यादीतून सुटतात. म्हणून पट्टा शंभर-शंभर मीटरनं पुढे सरकवत मोजा. तीन वर्षांत रस्ताच बदलला असेल, तर जुने-नवे आकडे वेगळे ठेवा. शहरातला महामार्ग चौपदरी होण्याआधीचे अपघात त्या जुन्या रस्त्याचे होते.

धडक झाली तिथेच दोष शोधणं. जुलै 2023 मध्ये शिरपूर तालुक्यात पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर हॉटेलात घुसला. ठिपका हॉटेलावर पडणार. ब्रेक तापतात मात्र उतारावर. अशा वेळी वाहन आलं त्या दिशेनं मागे चालत जा.

एका वर्षावर निकाल. आकडा फुगला की गतिरोधक टाकतात आणि पुढच्या वर्षी अपघात घटले की श्रेय त्यालाच देतात. एखादं वाईट वर्ष गेलं की आकडा आपसूकही खाली येतो. आणि महामार्गावर गतिरोधक म्हणजे मागून धडकेला आमंत्रण, हे माझं स्पष्ट मत.

मृत्यूंची वाट पाहणं. नव्या कॉलन्यांच्या रस्त्यांना तीन वर्षांचा इतिहासच नसतो. तिथे फुटलेल्या काचा, घासलेले दुभाजक, ब्रेकचे काळे पट्टे पाहा. लोकांनी दुभाजक फोडून केलेली वाट तर आधी टिपा: बायका-पोरं रस्ता कुठून ओलांडतात, ते तीच सांगते. एक फेरी रात्रीही मारा. केळीचे ट्रक कडेला कुठे उभे राहतात आणि कुठले दिवे बंद आहेत, हे दुपारी कळत नाही.