बारोलो उघडताना या चुका टाळा

पहिला घोट घेतला, तोंड कोरडं पडलं आणि ग्लास बाजूला सरकला. बारोलो या इटालियन रेड वाइनच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी हळहळ वाटते, कारण तीच बाटली योग्य जेवणाबरोबर वेगळीच लागली असती.

रंगावरून हलकी समजणं

वायव्य इटलीतल्या पिएमोंते प्रांतात, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांवरच्या 11 गावांत बारोलो होते, फक्त नेब्बियोलो द्राक्षांपासून. या द्राक्षाचा रंगच फिका. ग्लासमागे धरलेलं बोट दिसतं, जुन्या बाटलीत कडेला विटकरी झाक येते. पण अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास, आंबटपणा भरपूर आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक, तर जबरदस्त. वास मात्र सुकलेल्या गुलाबांचा आणि डांबराचा. वाचायला विचित्र वाटतं, पण एकदा घेतला की विसरता येत नाही.

ताटात चुकीचा पदार्थ

सगळ्यात जास्त बाटल्या इथे वाया जातात. जास्त उकळलेला कोरा चहा आठवा: जीभ आवळते. त्यात दूध घातलं की तुरटपणा उतरतो, कारण टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटतं. बारोलोचं टॅनिनही असंच लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. समोर मांस किंवा चीज असेल तर ते तिकडे गुंततं आणि दडलेला फळाचा स्वाद पुढे येतो.

पिएमोंतेच्या स्वयंपाकाला हे पुरतं ठाऊक आहे. ब्राझातो म्हणजे बारोलोतच मुरवून मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेलं गोमांस. तायारिन या भरपूर पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया, वर लोणी आणि हंगामात आल्बाचं पांढरं ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुवासिक बुरशी. शाकाहारी असाल तर मुरलेलं शाकाहारी चीज आणि लोण्यात परतलेली अळंबी घ्या, काही कमी पडणार नाही.

तांबड्या रश्शाबरोबर मात्र ही वाइन उघडू नका. तिखटाची आग अल्कोहोलने भडकते, टॅनिन आणखी खरखरीत लागतं. मटण हवंच असेल तर कमी तिखट, आल्या-लसणात हळू शिजवलेलं करा. तेलकट मासळीबरोबर धातूसारखी चव येते आणि गोड पदार्थासमोर वाइन नुसती कडू-आंबट उरते.

घाई

नियमाप्रमाणे बारोलो किमान 38 महिने मुरते, त्यातले 18 लाकडी पिंपात; रिझेर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली बारोलो, 62 महिने. तरी बाजारात येते तेव्हा ती कोवळीच असते. नुसतं बूच काढून ठेवल्याने फारसं काही होत नाही, बाटलीच्या अरुंद मानेतून हवा किती लागणार? डिकँटरमध्ये, म्हणजे पसरट तळाच्या काचेच्या सुरईत, ओता आणि दोन-तीन तास थांबा. वीसेक वर्षांची जुनी बाटली असेल तर उलट जपून: आदल्या दिवशी उभी ठेवा, गाळ तळाला बसू द्या, हलक्या हाताने ओता आणि लगेच घ्या.

खोलीचं तापमान

16 ते 18 अंश बरं. आपल्याकडच्या मे महिन्यातली खोली याच्या जवळपासही नसते, तेव्हा बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा.

तरुण बारोलो उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी जेवणाआधी बाहेर काढून परत चाखा. कित्येकदा ती आदल्या रात्रीपेक्षा मोकळी झालेली असते.