अमेरिकेत घरचं डायलिसिस: केंद्र निवडलं की कारखानाही ठरतो

पुण्याहून, नागपूरहून नोकरीसाठी इथे आलात आणि घरात कुणाला डायलिसिस लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं, तर आधी एक गोष्ट लक्षात घ्या. आपल्याकडे पोटाचं डायलिसिस, म्हणजे पीडी (नळीने पोटात द्रावण भरायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं), करणारी कितीतरी घरं कंपनीच्या माणसाला फोन करून महिन्याच्या द्रावणाच्या बॅगा स्वतःच मागवतात आणि पैसे भरतात. इथे तसं चालत नाही. सरकारी मेडिकेअर योजनेत पेशंटने थेट पुरवठादाराकडून सामान घेण्याची एक वाट पूर्वी होती, ती १ जानेवारी २०११ पासून बंद झाली. आता यंत्र, बॅगा, नळ्या, अगदी नळीच्या टोकाचं टोपणसुद्धा डायलिसिस केंद्रामार्फतच येतं. मेडिकेअर त्या केंद्राला प्रत्येक उपचारामागे एक एकत्रित रक्कम देतं आणि त्यातच सगळं बसवायचं असतं.

म्हणून घराजवळचं केंद्र कोणतं, एवढंच बघून सही करू नका. ज्या केंद्राची तुकडी तुम्हाला शिकवणार, त्याच केंद्राच्या करारातलं यंत्र तुमच्या पलंगाशेजारी येणार. फ्रेसेनियस ही कंपनी यंत्रं आणि द्रावणं स्वतः बनवते, शिवाय देशभर स्वतःची केंद्रंही चालवते. रक्ताच्या घरगुती डायलिसिसचं नेक्स्टेज यंत्रही २०१९ पासून तिच्याच मालकीचं आहे. डाव्हिटाचा मुख्य धंदा केंद्रांचा. या दोघींकडे मिळून देशातले बहुसंख्य डायलिसिस पेशंट आहेत. पीडीच्या सामानातलं दुसरं मोठं नाव बॅक्स्टर. तो विभाग २०२५ च्या सुरुवातीला कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने घेतला आणि आता तो व्हॅन्टिव्ह नावाने चालतो. तेव्हा खोक्यावर आणि जुन्या कागदांवर वेगवेगळी नावं दिसली तर घाबरू नका.

पहिल्याच भेटीत विचारा: तुमच्याकडे कोणकोणती यंत्रं आहेत? हाताने बॅगा बदलण्याची पद्धत शिकवता की फक्त रात्रीचा सायकलर, म्हणजे झोपेत आपोआप द्रावण बदलणारं यंत्र? रात्री दोन वाजता अलार्म वाजला तर फोन कोण उचलतं? उत्तरं गुळमुळीत मिळाली तर दुसरं केंद्र बघा. नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचा डॉक्टर, आवडला म्हणून त्याच्या केंद्रालाच बांधून राहायची गरज नाही, मात्र तो दुसऱ्या केंद्रात पेशंट बघतो का, हे आधी विचारून घ्या.

आता विम्याचं, कारण नव्याने आलेल्यांची गाडी इथेच अडते. किडनी निकामी झाली की वय कितीही असो, मेडिकेअर मिळतं, हे अर्धंच खरं आहे. स्वतःची किंवा जोडीदाराची इथली नोकरी त्यासाठी पुरेशी झालेली लागते, आणि जुलै २०२५ च्या कायद्यानंतर मेडिकेअर मुख्यतः नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांपुरतंच राहिलं आहे. एच-१बी वर असाल तर नोकरीचा विमा हाच आधार समजा. नोकरी बदलताना दोन विम्यांमध्ये एका दिवसाचीही फट पडू देऊ नका. मेडिकेअरला पात्र असाल तर केंद्रात जाऊन डायलिसिस घेतल्यास ते साधारण चौथ्या महिन्यापासून लागू होतं. पहिल्या तीन महिन्यांत घरच्या डायलिसिसचं ट्रेनिंग सुरू केलं तर पहिल्या महिन्यापासून. नोकरीचा विमाही असेल तर पहिले ३० महिने तोच आधी पैसे भरतो. आईवडील व्हिजिटर व्हिसावर येत असतील तर प्रवासी विमा आधीपासूनच्या आजाराला सहसा हात लावत नाही, म्हणून त्यांच्या डायलिसिसचा खर्च कोण भरणार हे तिकीट काढण्याआधी ठरवा. केंद्रातल्या सोशल वर्कर बाईंना हे सगळं तोंडपाठ असतं. संकोच न करता त्यांच्याकडे जा.

आमच्याकडे नवऱ्याचं पीडी काही वर्षं घरीच चालू आहे, त्यामुळे सामानाबद्दल मी जरा सविस्तर लिहिते. रात्री १२ लिटर द्रावण लागत असेल तर महिन्याचं ३६० लिटर, म्हणजे वजन साडेतीनशे किलोच्या वर. शिवाय नळ्यांची, टोपणांची, ड्रेसिंगची खोकी वेगळी. अपार्टमेंट घेण्याआधी लिफ्ट आहे का आणि कोरडी, घराच्या तापमानाची जागा कुठे आहे, हे बघा. गॅरेजमध्ये खोकी ठेवू नका. हिवाळ्यात द्रावण गोठतं. साधारण चार आठवड्यांनी एकदा डिलिव्हरी येते. त्याच्या आठवडाभर आधी खोकी मोजून ऑर्डर द्यावी लागते, आणि तो दिवस चुकला तर पुढचा सगळा घोळ निस्तरावा लागतो.

ड्रायव्हर ढकलगाडीवरून खोकी आणतो तेव्हा त्याला दारातच थांबवा. प्रत्येक खोक्यावर द्रावणातल्या साखरेचा टक्का वाचा: बॅक्स्टरच्या बॅगांवर १.५ ला पिवळा रंग, २.५ ला हिरवा, ४.२५ ला लाल. मुदतीची तारीख बघा. खोक्याचा कोपरा ओलसर लागला तर आत बॅग फुटलेली असू शकते. ड्रायव्हर असतानाच तशी नोंद करून घ्या. जुनी खोकी पुढे, नवी मागे. एकदा आम्हाला हव्या त्यापेक्षा जास्त साखरेच्या बॅगांचा ढीग आला होता. नर्सने फोनवर बजावलं की डॉक्टरांनी लिहिलेलंच वापरायचं, घरात आहे म्हणून दुसरं लावायचं नाही. बदलून यायला बरेच दिवस लागले, तेवढे दिवस शिलकीवर भागलं.

शिल्लक किती असावी, याचं उत्तर सप्टेंबर २०२४ ने दिलं. हेलीन चक्रीवादळाच्या पुरात नॉर्थ कॅरोलायनातल्या मॅरियन गावाजवळचा बॅक्स्टरचा नॉर्थ कोव्ह कारखाना बुडाला. सलाइनबरोबर पीडीची द्रावणंही तिथेच मोठ्या प्रमाणावर बनत. पुरवठा मापून देणं सुरू झालं आणि बऱ्याच ठिकाणी नव्या पेशंटना पीडीवर घेणं काही काळ थांबलं. आयर्लंड, कॅनडा अशा देशांतल्या कारखान्यांतून माल आणायला एफडीएने, म्हणजे इथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेने, परवानगी दिली. २०१४ च्या टंचाईतही आयर्लंडहून बॅगा आल्या होत्या. द्रावण इथे औषध म्हणून गणलं जातं, त्यामुळे दुसरा कारखाना रातोरात उभा राहत नाही. आणि पाण्याने भरलेल्या जड बॅगा लांबून आणणं परवडत नाही, म्हणून माल थोड्याच मोठ्या कारखान्यांत बनतो. घरी दोन आठवड्यांचं जादा सामान ठेवू द्या, अशी नर्सकडे स्पष्ट मागणी करा, आणि हाताने बदलायच्या बॅगांचं एक खोकं नेहमी ठेवा. वीज गेली की सायकलर बंद पडतो, पण या बॅगांना वीज लागत नाही. डॉक्टरांचं पत्र घेऊन वीज कंपनीकडेही नाव नोंदवा. वीज आधी येईलच असं नाही, पण ठरलेली कपात असेल तर कळवतात.

मधुमेह असणाऱ्यांनी हे नीट वाचा. दिवसभर पोटात राहणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिन द्रावणातून शरीरात माल्टोज तयार होतं, आणि काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या ते साखर समजून आकडा फुगवून दाखवतात. मग खरी साखर खाली असताना माणूस इन्सुलिन घेतो. असे मृत्यू झाले आहेत. भारतातून आणलेला मीटर आणि पट्ट्यांची डबी पहिल्याच भेटीत नर्ससमोर ठेवा आणि हा मीटर या द्रावणाबरोबर चालतो का, ते विचारून घ्या. पोटातून निघालेलं पाणी गढूळ दिसलं तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करा. भरलेल्या बॅगेखाली छापील कागद धरून अक्षरं वाचता येतात का, एवढं बघणं पुरतं.

राज्य बदलणार असाल तर बऱ्याच आधी सांगा. नवीन केंद्राने तुम्हाला स्वीकारायला हवं, विम्याने मान्यता द्यायला हवी, आणि तिथे दुसऱ्या कंपनीचं यंत्र असेल तर पोटाच्या नळीला जोडलेला तुकडाही नर्सला बदलावा लागतो, कारण दोन कंपन्यांची जोडणी एकमेकींत बसत नाही. पुन्हा थोडं ट्रेनिंगही होतं. नव्या पत्त्यावर पहिली खोकी कोणत्या तारखेला येणार, हे लेखी मिळाल्याशिवाय जुन्या घरची डिलिव्हरी रद्द करू नका.