मुरूम, डिंक आणि चित्रकलेचे दोन तास

जिल्हा परिषदेच्या शाळेत चित्रकला शिकवायला जाताना महागडी रंगपेटी नेली, तर पेटी परत येते आणि चित्रकलाही तिच्यासोबत निघून जाते. रंग गावातल्या मुरमाचा, हळदीचा, पळसाचा केला तर पुढच्या शनिवारी मुलं गुरुजींसोबत स्वतःच चित्रं काढायला बसू शकतात.

आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. वार, वेळ, वर्ग, लागणारं साहित्य लिहा, ओळखपत्राची प्रत जोडा आणि विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवण्याची विनंती करा. गुरुजी किंवा मॅडम पूर्ण वेळ वर्गात राहतील, हे अर्जातच ठरवून घ्या. एक तासिका अपुरी पडते. सलग दोन मागा, म्हणजे ऐंशी मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटाकडे उघडते आणि दिवाळीनंतर कापूस वेचणीत हजेरी रोडावते, म्हणून जुलै ते पोळा हा काळ उत्तम. मात्र पावसात कोरडा मुरूम मिळत नाही, तो मे महिन्यातच गोळा करून ठेवा. पळसाची फुलंही फेब्रुवारी-मार्चमध्ये वेचून सावलीत वाळवा.

रंगासाठी काळी माती घेऊ नका. वावरातली ही माती पाण्याने फुगते, वाळताना आक्रसते. कागदावर तिच्या भेगा पडून खपल्या निघतात. लाल-पिवळा मुरूम, घर पोतायची पांढरी माती आणि चुलीतला कोळसा घ्या. कुटून, सुती लुगड्याच्या दुहेरी कापडातून गाळा. भरड राहिली तर रंग कागदावरून झडतो.

डिंक बाभळीचा. ५० ग्रॅम डिंक १०० मिली कोमट पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी गाळायचा. दोन चमचे भुकटीला एक चमचा डिंकपाणी, मग पातळ ताकाइतकं होईपर्यंत साधं पाणी. चिंधीभर कागदावर लावून वाळवा आणि बोट घासा. बोटाला रंग लागला तर डिंक कमी. रंग चकाकला, तडकला तर जास्त. ही परीक्षा मुलांनाच करू द्या, त्यांना ती चित्राइतकीच आवडते.

हळदीचा पिवळा सुरेख दिसतो, पण उन्हात उडतो. ते चित्र खिडकीशी टांगू नका. हळदीत चुना घातला की लाल होतो. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळायचा, कारण डोळ्यात गेला तर भाजतो. पळसाची मूठभर फुलं पाण्यात उकळून केशरी पाणी मिळतं. ते पातळच राहतं, म्हणून पांढऱ्या कागदावरच खुलतं. जंगलालगतच्या गावात सागाचं कोवळं पान चोळून लाल निघतो, पण गणवेशावरचा त्याचा डाग सहजी जात नाही.

तीस मुलांचे पाच-पाचचे सहा गट करा. प्रत्येक गटाला तीन रंगांच्या आणि एक पाण्याची अशा चार करवंट्या, एकूण चोवीस. करवंटी लवंडते, म्हणून खाली चिंधीची चुंबळ ठेवा. ब्रश नसेल तर बाभळीची बोटभर लांब काडी दातवणासारखी चावून घ्या. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काडीला कापूसही चालतो, फक्त दोऱ्याने घट्ट आवळा. सैल बोळा सगळा रंग पिऊन टाकतो. वहीचं पान ओलं होऊन फाटतं, जाड ड्रॉइंग पेपर घ्या.

फळ्यावर चित्र काढून देऊ नका. दिलं की तीस मुलं तेच उतरवतात. नाहीतर दोन डोंगर, मधे सूर्य, बाजूला नारळ, आणि गावात नारळाचं झाडच नसतं! त्याऐवजी विचारा: तुमच्या बैलाची शिंगं सरळ की आत वळलेली? वशिंड केवढं? पहिली दहा मिनिटं नुसतं पाहणं आणि बोलणं. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात हा विषय दिला तर बोलणं थांबवावं लागतं. पहिली ते चौथी एकत्र बसत असतील तर मोठ्यांकडे गाळणं-कालवणं द्या, लहानांना बोटांनी रंगवू द्या. मुलं घरी गोंडी बोलत असतील तर रंगांची नावं त्यांच्याकडून शिकून फळ्यावर देवनागरीत लिहा.

कुणाच्याही चित्रावर स्वतःची रेघ ओढू नका. शेवटची वीस मिनिटं वाळवणं आणि आवरणं यांसाठी राखा. पावसाळ्यात चित्रं दोरीवर दिवसभर राहतात, त्यांची थप्पी केली तर एकमेकांना चिकटतात. उरलेली भुकटी कोरडीच बरणीत भरून शाळेत ठेवा. डिंकपाणी दोन-तीन दिवसांत आंबतं, ते ओतून टाका.