जुन्या लेथवरचे आटे कोणते, ते कसे ओळखावे

बंद पडलेल्या वर्कशॉपमधून जुना लेथ (धातू फिरवून कापणारे यंत्र) घेतला की मशीन हाती येते, कागदपत्रे येत नाहीत. मग चकसाठी (काम पकडणारे जबडे) बॅकप्लेट, म्हणजे त्याला मशीनवर बसवणारी मागची तबकडी, करायची असो, टूलपोस्टचा (टूल धरणारा भाग) हरवलेला बोल्ट आणायचा असो की क्रॉस स्लाइडचा (टूल आडवे सरकवणारा भाग) झिजलेला नट बदलायचा असो, दर वेळी प्रश्न तोच: हे आटे कोणते? जवळपास बसणारा नट पान्याने रेटून चढवणे हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. बोल्ट खराब झाला तर दुसरा मिळेल, स्पिंडलच्या (चक फिरवणारा मुख्य दांडा) तोंडावरचे आटे मात्र पुन्हा मिळत नाहीत.

आधी शक्यता समजून घ्या. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेले ब्रिटिश आटे ५५ अंशांचे (आट्याच्या दोन उतारांमधला कोन), माथा आणि तळ गोलसर. अमेरिकन आणि मेट्रिक आटे ६० अंशांचे, माथा सपाट. ब्रिटिश मशीनवरचे बारीक स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) मालिकेचे असू शकतात, त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तरी दुकानात आजही ‘चार सुती बोल्ट’ मागितला जातो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). त्यामुळे मूळ आटे इंचातले आणि नंतरच्या दुरुस्तीत मारलेले मेट्रिक, असे एकाच मशीनवर सर्रास दिसते. एका बोल्टवरून अख्ख्या लेथबद्दल ठरवू नका.

पहिले काम सफाईचे. रॉकेल आणि पितळी तारेचा ब्रश घ्या, खोबणीच्या तळाशी बसलेला चुरा काढा आणि कोरडे पुसा. हे टाळले तर पुढची सगळी मापे खोटी येतील.

मग बाहेरचा व्यास. व्हर्नियर दोन-तीन ठिकाणी लावा, विशेषतः जिथे नट कधी फिरला नसेल तिथे. बोल्टचे माप नावापेक्षा थोडे कमीच येते, झीज असेल तर आणखी कमी. १२.५ मि.मी. आले तर तो बहुधा १२.७ चा, म्हणजे चार सुती. पण नुसत्या व्यासावर थांबलात तर फसाल: अडीच सुती बोल्ट ७.९४ मि.मी.चा आणि मेट्रिकचा ८ चा. झिजलेल्या बोल्टवर हे दोन वेगळे सांगता येत नाहीत.

खरा निकाल पिच देते, म्हणजे दोन शेजारच्या आट्यांमधले अंतर. एकाच आट्यावर मोजू नका. अकरा माथे मोजा, म्हणजे मधली अंतरे दहा होतात. पहिल्या माथ्यापासून अकराव्यापर्यंतचे माप घ्या आणि दहाने भागा. इंचातल्या आट्यांसाठी २५.४ ला इंचातील आट्यांच्या संख्येने भागले की पिच मि.मी. मध्ये मिळते: १८ आट्यांना १.४१, १६ ला १.५९, १२ ला २.१२. वरच्या उदाहरणात अडीच सुती व्हिटवर्थची पिच १.४१, तर ८ मि.मी.च्या मेट्रिक जाड (कोर्स) आट्यांची १.२५, तिथेच फैसला होतो. सगळ्यात फसवी जोडी २० आटे (१.२७) आणि १.२५ मि.मी. एका आट्यात फरक दोन शतांश मि.मी.चा, पण दहा अंतरांवर १२.७ विरुद्ध १२.५, आणि तेवढा व्हर्नियरवर स्वच्छ दिसतो. थ्रेड गेज (वेगवेगळ्या पिचच्या दातेरी पात्यांचा संच) असेल तर पाते आट्यांवर लावून उजेडासमोर धरा, लांबीभर कुठेही फट दिसता कामा नये. आतल्या आट्यांसाठी मऊ लाकडाची पट्टी भोकात दाबा आणि तिच्यावर उमटलेल्या खुणा मोजा.

कोन शेवटी बघा. पाव इंचापासून एक इंचापर्यंत जाड व्हिटवर्थ आणि जाड अमेरिकन आट्यांची इंचातील संख्या बहुतेक मापांत एकच आहे. ठळक अपवाद अर्ध्या इंचाचा: व्हिटवर्थ १२, अमेरिकन १३. बाकी ठिकाणी ५५ आणि ६० अंशांची पाती आलटून पालटून लावा आणि भिंगातून बघा. त्यानंतरच माहितीतला चांगला नट हाताने चढवा. दोन-तीन आट्यांनंतर आवळला तर पिच चुकली आहे, तिथेच थांबा.

क्रॉस स्लाइडच्या स्क्रूसाठी डायल मदत करते. हजारांश इंचाचे १०० भाग असतील आणि डायल थेट टूलची चाल दाखवत असेल, तर स्क्रू इंचाला १० आट्यांचा. १२५ भाग असतील तर ८ आट्यांचा. हे स्क्रू बऱ्याचदा डाव्या आट्यांचे असतात, नट सांगताना ते विसरू नका. अशा स्क्रूंवरचे इंची ॲक्मे आटे २९ अंशांचे आणि मेट्रिक ट्रॅपेझॉइडल ३० चे, डोळ्याला फरक कळत नाही, म्हणून इथेही पिचवरच भरवसा ठेवा.

आता स्पिंडल. मायफर्ड एमएल ७ वर सव्वा इंचाला थोडे कमी, म्हणजे नऊ सुती, इंचाला १२ आटे. साउथ बेंडच्या ९ इंची लेथवर दीड इंच, ८ आटे. तुमचा लेथ यांपैकी नसेल तर लेथलाच विचारता येते, आणि ही पद्धत मला सर्वांत विश्वासाची वाटते. चक काढा, टूलपोस्टमध्ये टोकदार टूल लावा, गिअर तुम्हाला वाटणाऱ्या पिचला जुळवा, हाफ नट (टूलचा भाग लीड स्क्रूला जोडणारा अर्धा नट; लीड स्क्रू म्हणजे आटे कापताना टूल सरकवणारा लांब स्क्रू) लावा. स्पिंडल हाताने सुलटे थोडे फिरवून सगळी ढिलाई काढा, मग टोक बाहेरच्या खोबणीत अलगद आणून फिरवत राहा. टोक शेवटपर्यंत खोबणीच्या मधोमध राहिले तर पिच बरोबर. ८ आट्यांऐवजी ती ३ मि.मी. असेल, तर पाच आट्यांत टोक जवळजवळ एक मि.मी. सरकते. लीड स्क्रू मेट्रिक आणि आटे इंचाचे असतील तर १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण २५.४ ची पाचपट १२७.

आट्यांच्या मागचा गुळगुळीत कॉलर मायक्रोमीटरने वेगळा मोजा. चक मध्यावर येतो तो या कॉलरमुळे, आट्यांमुळे नव्हे. बॅकप्लेटच्या बिडाला हात घालण्याआधी ॲल्युमिनियमची एक रिंग त्याच आट्यांची कापा. ती हाताने, न अडखळता कॉलरच्या खांद्यापर्यंत गेली पाहिजे.