ब्लॅक बुक बांधायला टाकण्यापूर्वी: मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या प्रकल्पातील या चुका टाळा

मुंबईतील महाविद्यालयांत ज्याला सर्रास ‘ब्लॅक बुक’ म्हटले जाते, त्या अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालासाठी अनेक विद्यार्थी मनुष्यबळ व्यवस्थापन हा विषय निवडतात, कारण वित्तापेक्षा तो सोपा आहे, आकडेमोड कमी आहे आणि चार व्याख्या नीट मांडल्या की भागते, असा समज रूढ आहे. हा समजच पुढच्या बहुतेक चुकांना जन्म देतो. कोणत्या कामाच्या ठिकाणी, कोणत्या कर्मचाऱ्यांचा, नेमका कोणता प्रश्न अभ्यासायचा हे न ठरवताच लेखनाला सुरुवात होते. मग प्रश्नावली मोघम, तक्ते निरर्थक आणि शिफारशी कोणत्याही कंपनीला लागू पडतील अशा होतात. मार्गदर्शकाने निष्कर्ष-शिफारशींचे पाचवे प्रकरण परत केले की विद्यार्थी पाचवे प्रकरणच पुन्हा लिहितो, पण दोष सहसा शीर्षकात असतो आणि दुरुस्तीही तेथूनच करावी लागते.

‘अमुक बँकेतील कर्मचाऱ्यांच्या समाधानाचा अभ्यास’ हे शीर्षक घ्या. बँकेत हजारो कर्मचारी असतात, प्रश्नावली भरलेली असते चाळीस जणांनी, आणि तेही बहुधा एकाच शाखेतील. त्याऐवजी ‘मालाड येथील एका कॉल सेंटरमधील रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनी पहिल्या सहा महिन्यांत नोकरी सोडण्याची कारणे’ असे शीर्षक घेतले, तर कोणाला विचारायचे, कोणत्या नोंदी मागायच्या आणि कोणता सिद्धांत उपयोगी पडेल, हे त्यातूनच ठरत जाते. परीक्षकाची एक साधी कसोटी असते आणि ती विद्यार्थ्याने आधीच लावून पाहावी: अहवालातील कंपनीचे नाव खोडून दुसऱ्या कंपनीचे घातले आणि एकही वाक्य बदलावे लागले नाही, तर त्या कंपनीचा अभ्यास झालेलाच नाही.

सिद्धांत येतो आणि निघून जातो

दुसऱ्या प्रकरणात माणसाला काम करण्याची प्रेरणा कशातून मिळते यावर सिद्धांत मांडणारे मॅस्लो, हर्झबर्ग, मॅकग्रेगर आणि व्रूम ओळीने हजेरी लावतात आणि पुन्हा कधीही दिसत नाहीत. यातील सर्वांत महागात पडणारी चूक हर्झबर्गच्या बाबतीत होते. १९५९ मध्ये मांडलेल्या त्याच्या द्विघटक सिद्धांतात पगार हा प्रामुख्याने असमाधान टाळणाऱ्या घटकांत मोडतो. खरी प्रेरणा कामातील यश, मान्यता आणि जबाबदारी यांतून येते. हे सगळे दुसऱ्या प्रकरणात व्यवस्थित लिहिलेला विद्यार्थी पाचव्या प्रकरणात ‘कर्मचाऱ्यांना प्रेरित करण्यासाठी पगारवाढ द्यावी’ अशी शिफारस करतो आणि तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न त्यावर येतो. त्याच्या माहितीतून पगारच प्रेरणा देतो असे खरोखर दिसत असेल, तर तो मोलाचा निष्कर्ष आहे; पण मग हर्झबर्गचे म्हणणे येथे का लागू पडले नाही, हे त्याला मांडावे लागेल. मॅस्लोच्या नावावर पिरॅमिड खपवू नये, हेही येथेच सांगायला हवे. गरजांची उतरंड त्याने १९४३ च्या लेखात मांडली, परंतु त्या लेखात पिरॅमिडची आकृती नाही. ती नंतर इतरांनी रूढ केली.

मुंबईच्या अहवालांत आणखी एक वाक्य हमखास सापडते: ‘डबेवाल्यांना फोर्ब्सने सिक्स सिग्मा (म्हणजे जवळजवळ शून्य चुकांच्या दर्जाचे) प्रमाणपत्र दिले आहे.’ फोर्ब्स हे नियतकालिक आहे, ते असे प्रमाणपत्र देत नाही. त्याने १९९८ मध्ये डबेवाल्यांच्या अचूकपणाचे कौतुक करणारा लेख छापला आणि त्या लेखाचे लोकांच्या तोंडी प्रमाणपत्र झाले. डबेवाल्यांवर लिहायचे असेल तर हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर तयार केलेली केस स्टडी आहे, डब्यावरील खुणांची पद्धत आहे आणि देखरेखीचा फारसा डोलारा नसताना गटाने काम चालवण्याची रीत आहे. मनुष्यबळाच्या विद्यार्थ्याला एवढे साहित्य पुरेसे आहे.

औद्योगिक संबंधांवरील प्रकरणाबाबत तर आश्चर्य वाटते. परळ–लालबागमध्ये वाढलेला विद्यार्थी औद्योगिक संबंध समजावणारी डनलॉपची १९५८ ची चौकट उतरवून काढतो आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचा उल्लेखही करत नाही. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप केवळ पगारासाठी नव्हता. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटींचा अधिकार मान्यताप्राप्त प्रातिनिधिक संघटनेला दिला होता, तर कामगारांचा मोठा भाग कामगारनेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे उभा होता, आणि तो कायदा रद्द करावा हीदेखील संपाची एक मागणी होती. कामगार, व्यवस्थापन आणि सरकार हे डनलॉपचे तिन्ही घटक, आणि त्यांना बांधणारे नियमांचे जाळे, या एका उदाहरणात जितके स्पष्ट दिसते तितके परदेशी पाठ्यपुस्तकातील उदाहरणात दिसणार नाही.

प्रश्नावली आणि आकडे

‘तुम्ही तुमच्या पगाराबद्दल आणि कामाच्या वातावरणाबद्दल समाधानी आहात का?’ या प्रश्नाला पगाराबद्दल नाराज पण सहकाऱ्यांवर खूश असलेल्या माणसाने काय उत्तर द्यावे? एका प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या की येणारे उत्तर कोणत्याच गोष्टीचे नसते. दुसरा दोष वाटपाच्या पद्धतीत असतो. गुगल फॉर्मची लिंक विभागप्रमुखाने व्हॉट्सअॅप गटावर टाकलेली असेल आणि फॉर्म ईमेल पत्ता नोंदवून घेत असेल, तर ‘वरिष्ठांचे वागणे कसे आहे’ या प्रश्नाला ‘उत्तम’ याखेरीज उत्तर येण्याची शक्यता कमी असते. मित्रांच्या गटात फिरवलेला फॉर्म त्याहून वाईट, कारण भरणारे त्या कंपनीचे कर्मचारीच नसतात.

माहिती गोळा करून झाल्यावर हे लक्षात आले आणि मुदत जवळ आली असेल, तर सदोष प्रश्न विश्लेषणातून वगळावा, तो का वगळला हे मर्यादांच्या विभागात स्पष्ट लिहावे आणि त्याच मुद्द्यावर पाच-सहा कर्मचाऱ्यांशी कार्यालयाबाहेर सविस्तर बोलावे. अशा मुलाखती सर्वेक्षणाची जागा घेत नाहीत, मात्र आकड्यांमागचे कारण त्यांतूनच कळते. सदोष प्रश्नाचा सुंदर रंगीत आलेख काढणे हा उपाय नव्हे.

कर्मचारी गळतीचा दर काढताना होणारी चूक उदाहरणानेच समजून घ्यावी. वर्षाच्या सुरुवातीला २४० कर्मचारी होते, अखेरीस २०० राहिले आणि वर्षभरात ६६ जणांनी नोकरी सोडली. सरासरी कर्मचारीसंख्या २२०, म्हणून दर ३० टक्के. अखेरच्या संख्येने भागले तर तो ३३ टक्के येतो आणि सुरुवातीच्या संख्येने भागले तर २७.५ टक्के, म्हणजे नोकरी सोडणारे तेवढेच, पण आकडे तीन. पद्धत कोणती वापरली हे लिहिल्याशिवाय दुसऱ्या कंपनीशी तुलना करू नये. शिवाय या उदाहरणात कर्मचारीसंख्या ४० ने घटली, पण गेले ६६ जण, याचा अर्थ वर्षभरात २६ नवे लोक घेतले गेले. ते टिकले की सोडून गेलेल्यांत त्यांचाच भरणा होता, हा प्रश्न एकूण दरापेक्षा अधिक बोलका असतो, पण तो फार थोडे विद्यार्थी विचारतात.

टक्केवारीबाबत थोडक्यात. तीस जणांच्या नमुन्यात पाच महिला असतील आणि त्यांपैकी चौघी असमाधानी असतील, तर ‘८० टक्के महिला असमाधानी’ असे न लिहिता ‘पाचपैकी चार’ असे लिहावे. दोन गोष्टींत संबंध आहे का हे तपासणारी काय-वर्ग (chi-square) कसोटी लावताना तक्त्यातील अपेक्षित वारंवारता पाचपेक्षा कमी येत असेल तर गट एकत्र करावेत किंवा कसोटी सोडून द्यावी. ‘शून्य गृहीतक (फरक नाही, हे गृहीतक) स्वीकारले’ असे न लिहिता ‘नाकारता आले नाही’ असे लिहावे, कारण पुरावा न मिळणे म्हणजे फरक नसल्याचे सिद्ध होणे नव्हे.

कायदा कोणत्या तारखेचा?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या विषयांवरील चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. त्यामुळे ज्येष्ठ विद्यार्थ्याच्या अहवालातून जसेच्या तसे उचललेले ‘औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार’ हे वाक्य आता तपासल्याशिवाय चालणार नाही. मात्र उलटी चूकही टाळावी: अभ्यासाची माहिती २०२३–२४ या वर्षाची असेल, तर त्या काळात लागू असलेला कायदाच लावायचा आणि नंतरचा बदल वेगळ्या परिच्छेदात नोंदवायचा. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा या संहितांत विलीन झालेला नाही, हेही लक्षात असू द्यावे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समितीची तरतूद त्याच कायद्यातून येते.

उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, गणितात तर वर्गातील निम्मी उत्तरे एकाच ठिकाणी चुकतात. मासिक वेतन घेणाऱ्याचे एक दिवसाचे वेतन काढताना २६ ने भागायचे असते, ३० ने नव्हे. शेवटचे ग्राह्य वेतन २६,००० रुपये आणि सेवा १० वर्षे असेल, तर रोजचे १,००० रुपये, सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे १५,००० आणि एकूण १,५०,००० रुपये होतात. ३० ने भागणारा विद्यार्थी त्या कर्मचाऱ्याचे २०,००० रुपये बुडवतो. नव्या व्यवस्थेत ‘वेतन’ कशाला म्हणायचे हे बदलले आहे: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर निम्म्यावरचा भाग वेतनात धरला जातो. म्हणून पगारपत्रकातील मूळ वेतनाचा आकडा डोळे मिटून घेता येत नाही. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्यांना पाच वर्षांची अट न लावता एका वर्षाच्या सेवेनंतर उपदान मिळण्याची तरतूदही नवी आहे.

शिफारशी

‘कंपनीने प्रशिक्षण द्यावे, संवाद वाढवावा, कर्मचाऱ्यांचे कौतुक करावे’ या तीन शिफारशी चुकीच्या नाहीत, फक्त त्यांसाठी अहवाल लिहिण्याची गरज नव्हती. शिफारस कोणत्या निष्कर्षावर उभी आहे, ती कोणी अमलात आणायची आणि तिला साधारण किती खर्च येईल, एवढे सांगता आले तर ती टिकते. त्यासाठी कारण खरे शोधलेले असावे लागते. समजा, अंधेरीतील कार्यालय ऐरोलीला हलवले आणि पुढच्या काही महिन्यांत राजीनामे वाढले. नोकरी सोडतानाच्या अर्जावर जवळपास प्रत्येकाने ‘अधिक चांगली संधी’ असे लिहिलेले असते, कारण फुल अँड फायनलचा हिशेब आणि अनुभवाचे पत्र अजून मिळायचे असते आणि अशा वेळी कोणी भांडण ओढवून घेत नाही. पण सोडून जाणाऱ्यांचे पत्ते पाहिले तर ते विरार, नालासोपारा, वसईचे निघतात: दादरला उतरून गाडी बदलायची, ठाण्याला पुन्हा बदलायची आणि मग ऐरोली. अशा ठिकाणी ‘प्रेरणा कार्यशाळा’ सुचवणे हास्यास्पद आहे; कामाची वेळ पुढे-मागे करणे, आठवड्यातून काही दिवस घरून काम किंवा ठाण्याहून कंपनीची बस, या तिन्हींचा खर्च मांडून तुलना करणे ही खरी शिफारस होय.

प्रशिक्षणाच्या परिणामकारकतेवरील अहवालांत कर्कपॅट्रिकच्या चार पातळ्या लिहिल्या जातात, मोजली जाते ती फक्त पहिली, म्हणजे प्रशिक्षण आवडले की नाही. निदान शिकलेले किती लक्षात राहिले आणि कामात काय बदलले, यांपैकी एक तरी मोजावे, नाहीतर शीर्षकातून ‘परिणामकारकता’ काढून टाकावी.

ऐन वेळी कंपनीने परवानगी नाकारली तर आकडे मनाने भरण्याचा मोह होतो आणि तो अनुभवी परीक्षकाच्या लगेच लक्षात येतो, कारण काल्पनिक उत्तरे फारच नीटनेटकी असतात. त्यापेक्षा प्रसिद्ध माहितीकडे वळावे. २०२२–२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमानुसार व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचे दर स्त्री-पुरुषवार, तेही तीन वर्षांचे, तसेच प्रशिक्षण, मध्यक वेतन आणि तक्रारींची माहिती असते. मुंबई शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर असे अहवाल विनामूल्य मिळतात. एकाच क्षेत्रातील तीन-चार कंपन्या घेऊन तुलना केली तर प्राथमिक सर्वेक्षणाशिवायही भक्कम प्रकल्प उभा राहतो. अर्थात, शीर्षक आणि संशोधन-पद्धतीचे प्रकरण त्यानुसार बदलून मार्गदर्शकांची संमती घ्यावी लागेल.

उचलेगिरीबाबत, प्रबंधांसाठी असलेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारित लेखन पुन्हा सादर करावे लागते आणि वर शिक्षा कडक होत जाते. आपल्या महाविद्यालयाची मर्यादा वेगळी असू शकते, ती आधी विचारून घ्यावी. शब्द बदलून देणाऱ्या साधनांचा आधार घेतला की ‘कार्यमूल्यमापन’ कुठे ‘कामगिरीची किंमत’ होते आणि परीक्षकाला टक्केवारी पाहण्याचीही गरज उरत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने सुचवलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात किंवा नियतकालिकाच्या संकेतस्थळावर स्वतः उघडून पाहावा, कारण अस्तित्वातच नसलेले लेख ती खऱ्यासारखे मांडते.

बांधणीला देण्यापूर्वी प्रमाणपत्राचे पान हाती घेऊन शैक्षणिक वर्ष, परीक्षा क्रमांक आणि मार्गदर्शकांचे नाव तपासावे. ज्येष्ठांच्या फाइलवरून तयार केलेल्या अहवालात मागचे वर्ष तसेच राहिल्याचे अनेकदा आढळते. कंपनीच्या पत्राची सही-शिक्क्याची प्रतही त्याच वेळी आत लावावी, आणि परिशिष्टात जोडलेल्या पगारपत्रकांवरील नावे, बँक खाते व पॅन क्रमांक काळे करून मगच छपाईला पाठवावे.