लांब ओळ मोडताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागांची नोंद ठेवणारी यंत्रणा आम्ही बसवत होतो. यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांचं, म्हणजे प्रोटोकॉलचं, तपशीलपत्र मीच लिहिलेलं. त्यातली सेटिंगची एक ओळ पानाच्या रुंदीत मावेना, म्हणून मी मधेच एंटर मारून तिच्या दोन ओळी केल्या. तिथल्या मुलाने ती कागदावर दिसली तशीच उतरवली. यंत्रणा सुरू होईना. अर्धी दुपार आम्ही वायरी तपासल्या आणि दोष निघाला माझ्या त्या एंटरमध्ये.

साधं वाक्य कुठेही तुटलं तरी वाचणारा ते जोडून घेतो. सेटिंग, सांकेतिक किल्ली किंवा संदेशाचा नमुना संगणक वाचतो, आणि तो असं काही समजून घेत नाही. म्हणून ओळ मोडताना एकच गोष्ट बघायची: समोरच्याला ती जशीच्या तशी परत जोडता येईल का? सोलापुरात राहणाऱ्याला हे चादरीवरून चटकन कळतं. घडी घातली म्हणून चादरीची लांबी कमी होत नाही.

इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनाही ही अडचण आली. हे नियम ज्या दस्तऐवजांत छापतात त्यांना आरएफसी म्हणतात. त्यांच्या साध्या मजकुराच्या प्रतीत एका ओळीत जास्तीत जास्त ७२ अक्षरं बसतात. नमुना दाखवणारा मजकुराचा ठोकळा ३ जागा आत सरकवतात, म्हणजे हाती उरतात ६९. त्यावर उपाय म्हणून जून २०२० मध्ये आरएफसी ८७९२ आला. लांब ओळीची घडी कशी घालायची आणि ती कशी उलगडायची, याच्या दोन पद्धती त्यात आहेत. पहिलीत मोडलेल्या ओळीच्या शेवटी एक बॅकस्लॅश, म्हणजे \ हे चिन्ह, येतो. दुसरीत ओळीच्या शेवटी एक आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला आणखी एक.

मोकळ्या जागेपाशी मोडणं

सगळ्यात फसवी चूक ही. पहिल्या पद्धतीत उलगडताना पुढच्या ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गळून पडतात. समजा मूळ मजकूर आहे "सोलापुरी चादर" आणि तुम्ही तो असा मोडला:

"सोलापुरी\
 चादर"

उलगडल्यावर हाती येतं "सोलापुरीचादर". कागदावर सगळं ठीक दिसतं, त्यामुळे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. मोकळी जागा बॅकस्लॅशच्या आधी ठेवा, किंवा दुसरी पद्धत घ्या:

"सोलापुरी\
    \ चादर"

इथे दुसऱ्या बॅकस्लॅशच्या आधीच्या जागा गळतात, नंतरची टिकते. मजकुरातली एखादी ओळ मुळातच बॅकस्लॅशने संपत असेल, तर पहिली पद्धत वापरूच नका. तो बॅकस्लॅश मूळचा की घडीचा, हे उलगडणाऱ्याला कळायला काही मार्ग नाही.

याच्याच शेजारची चूक म्हणजे बॅकस्लॅशनंतर राहिलेली मोकळी जागा. ती डोळ्यांना दिसत नाही, पण मग ओळ बॅकस्लॅशने संपतच नाही आणि घडी उलगडत नाही. विंडोजवर साठवलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन छुपी चिन्हं असतात, तिथेही साधी साधनं अशीच अडखळतात. एडिटरमध्ये छुपी चिन्हं दाखवायची सोय सुरू करा, दोन्ही लगेच सापडतात. टॅब असतील तर ते आधी काढून टाका.

खूण न देणं

घडी घातलेल्या मजकुराच्या पहिल्या ओळीत कोणती पद्धत वापरली ते सांगणारी ठरावीक सूचना हवी आणि तिच्याखाली एक ओळ रिकामी. उलगडणारं साधन ही सूचनाच शोधतं. आपल्या शब्दांत 'ओळ पुढे चालू' लिहून भागत नाही.

गरज नसताना बॅकस्लॅश

आधी बघा की त्या भाषेलाच ओळ मोडायची सोय आहे का. जेसन या माहिती लिहायच्या पद्धतीत स्वल्पविरामानंतर खुशाल नवी ओळ घ्या, फक्त अवतरणचिन्हांच्या आत नको. यांग या यंत्रणांच्या सेटिंगची रचना लिहायच्या भाषेत मोठा मजकूर वेगवेगळ्या अवतरणांत तोडून अधिकचिन्हाने (+) जोडता येतो. भाषेची स्वतःची रीत वाचायलाही सोपी जाते. बॅकस्लॅश शेवटी, काहीच जमलं नाही तर.

देवनागरी मोजताना

आपण मराठीत तपशीलपत्रं लिहितो, तेव्हा ही चूक हमखास होते. 'सोलापूर' डोळ्यांना चार अक्षरं दिसतं. संगणकातली अक्षरं ठरवणाऱ्या युनिकोड या पद्धतीत ती सात चिन्हं होतात, कारण ओकार, काना आणि ऊकार वेगळे मोजले जातात. ती चिन्हं साठवायच्या यूटीएफ-८ या रीतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एकूण २१. त्यामुळे ७२ ची मर्यादा नेमकी कशाची, हे आधी ठरवा. बाइट मोजून कापणारं साधन अक्षराच्या मधोमध कात्री चालवतं आणि तिथे प्रश्नचिन्हाचे चौकोन उमटतात. चिन्हं मोजून कापणारं साधनही व्यंजन एका ओळीत आणि मात्रा दुसरीत टाकू शकतं. मराठी ओळी मी हातानेच मोडतो, शब्द पुरा झाल्यावर.

रकान्यांच्या या हिशोबाची मुळं सोलापूरकराला तरी परकी वाटू नयेत. आयबीएमचं १९२८ चं पंचकार्ड, म्हणजे भोकं पाडून माहिती साठवायचा पुठ्ठा, ८० रकान्यांचं होतं, आणि पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यावर सूचना ठेवायची युक्ती त्याच्याही कितीतरी आधी जॅकार्ड मागावर आली. आपल्या चादरीवरची नक्षी त्याच मागाची. माळेतला एक पुठ्ठा उलटा ओवला गेला तर फुलाची पाकळी तिथेच बिघडते.

वर्डमधून पीडीएफ काढणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो, दोन आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो आणि मागितलं तर शब्द तोडून संयोगचिन्हही घालतो. नमुन्याच्या ठोकळ्यापुरतं हे सगळं बंद ठेवा.

आता कोणतंही तपशीलपत्र देण्याआधी प्रत्येक नमुना मी छापील प्रतीच्या पीडीएफमधूनच कॉपी करतो, उलगडतो आणि मूळ फाइलशी डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारं साधन) लावून ताडतो. एका अक्षराचा फरक दिसला तरी ओळ पुन्हा मोडतो. टॉवेलच्या त्या कारखान्यात पुढच्या खेपेला गेलो तेव्हा कागदासोबत मूळ फाइलही पेनड्राइव्हवर नेली आणि आधी त्या मुलाच्या हातात ती दिली.